पहिल्यांदा फरी कन्व्हेन्शनला निघालात? आधी गळ्यातल्या बिल्ल्याचं बघा

सोलापुरातून कुणी पहिल्यांदा फरी कन्व्हेन्शनला निघालं की आमच्या छोट्या गटात प्रश्न सुरू होतात ते फरसूटचे. सूट केवढ्याला पडतो, विमानात नेता येतो का, आतून नीट दिसतं का. बिल्ल्याबद्दल कुणी विचारत नाही. पण बहुतेकांकडे फरसूट नसतोच, आणि बिल्ला मात्र पहिल्या तासापासून प्रत्येकाच्या गळ्यात असतो. दारावरचा स्वयंसेवक त्याच्याकडे बघून आत सोडतो, नवी माणसं त्याच्यावरून हाक मारतात, आणि ज्याला तुमची माहिती मिळायला नको त्यालाही ती तिथूनच मिळते. म्हणून हा लेख बिल्ल्यावर आहे.

ज्यांना हे सगळंच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: माणसासारखे वागणारे-बोलणारे प्राणी ही कल्पना ज्यांना मनापासून आवडते ते फरी, आणि त्यांचं संमेलन म्हणजे फरी कन्व्हेन्शन. बहुतेकांचं स्वतःचं एक पात्र असतं, कोल्हा, लांडगा, साळिंदर, काहीही. त्याला फरसोना म्हणतात. त्या पात्राचा अंगभर पोशाख म्हणजे फरसूट. १९८९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथं कॉनफ्युरन्स झीरो हे पहिलं फरी कन्व्हेन्शन भरलं तेव्हा ६५ माणसं जमली होती. २००६ पासून अमेरिकेतल्याच पिट्सबर्गला भरणाऱ्या अँथ्रोकॉनला २०२४ साली १५ हजारांहून जास्त लोक होते. युरोपात १९९५ पासून युरोफरन्स भरतं, ते आता हॅम्बुर्गला असतं. जपानमध्ये तोयोहाशीला जपान मीटिंग ऑफ फरीज होतं. आपल्याकडची बरीच मंडळी आधी मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनमध्ये किंवा दहा-पंधरा जणांच्या घरगुती भेटीत सुरुवात करतात. ६५ जणांत चेहरा पाहून ओळख ठेवता येते. १५ हजारांत, त्यातही कित्येकांचे चेहरे मुखवट्याआड असताना, बिल्ल्याशिवाय चालत नाही.

दोन बिल्ले असतात, एक नव्हे

पहिला कन्व्हेन्शनकडून मिळणारा. नोंदणीचे पैसे भरले, ओळखपत्र दाखवलं की तो हातात पडतो. त्यावर क्रमांक, बहुतेक वेळा बारकोड किंवा क्यूआर, आणि तुम्ही नोंदणीत दिलेलं बिल्ल्यावरचं नाव असतं. जास्त पैसे भरून स्पॉन्सर किंवा सुपरस्पॉन्सर झालात तर तसं त्यावर दिसतं. हा बिल्ला म्हणजे तुमचं तिकीट. तो दुसऱ्याला देता येत नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा. "जरा दे की, डीलर्स डेनमध्ये एक चक्कर मारून येतो" असं कुणी कितीही गोड बोलून म्हणालं तरी नाही म्हणायचं (डीलर्स डेन म्हणजे विक्रीच्या टेबलांचं दालन). पकडलं गेलं तर दोघांचाही प्रवेश रद्द होऊ शकतो.

दुसरा तुमच्या पात्राचा. त्यावर तुमच्या फरसोनाचं चित्र आणि नाव असतं. हा कन्व्हेन्शन देत नाही. तो तुम्ही चित्रकाराकडून काढून घेता, किंवा तिथल्या आर्टिस्ट ॲलीत बसलेल्या कलाकाराला पैसे देऊन त्याच दिवशी बनवून घेता. या बिल्ल्यावर कुणी आत सोडणार नाही. नवी मंडळी इथंच गफलत करतात: सुंदर चित्राचा बिल्ला वर, आणि प्रवेशाचा बिल्ला त्याच्यामागे किंवा टी-शर्टाच्या आत. मग प्रत्येक दारावर अडवलं जातं आणि मागच्या रांगेचा खोळंबा होतो. प्रवेशाचा बिल्ला कायम वर, कायम दिसेल असा. दारावरच्या माणसानं "बिल्ला दाखवा" म्हटलं तर त्यात अपमान वाटून घेऊ नका. तो सकाळपासून सगळ्यांना तेच म्हणतोय.

नाव ठरवताना

हा भाग मी सगळ्यात जीव तोडून सांगते, कारण आपण सोलापूरचे आहोत. सात रस्ता चौकात एखाद्या अनोळखी माणसाशी दोन मिनिटं बोललात तर तिसऱ्या मिनिटाला "तुम्ही अमक्यांचे कोण?" हा प्रश्न येतो आणि पाचव्या मिनिटाला नातं निघतं. हा जिव्हाळा मला आवडतो. पण तुमची आवड घरी, ऑफिसात, कॉलेजात कुणाला कधी सांगायची हे तुम्ही ठरवायचं. गळ्यातल्या पुठ्ठ्यानं ते तुमच्या आधी सांगून टाकता कामा नये. आमच्या गटात म्हणूनच एक नियम आहे: फरसोनाचं नाव आणि आडनाव एकाच कार्डावर कधीही येऊ द्यायचं नाही.

नोंदणीच्या अर्जात कायदेशीर नावाचा रकाना वेगळा आणि बिल्ल्यावरच्या नावाचा वेगळा असतो. कायदेशीर नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट, लिहा. वडिलांचं नाव पासपोर्टवर कुठल्या रकान्यात गेलंय ते बघून भरा, कारण आपल्याकडे तिथंच घोळ होतो. परदेशात बिल्ला घेताना पासपोर्टच लागेल. आधार कार्ड तिथं कुणी ओळखत नाही. बिल्ल्यावरच्या नावाच्या रकान्यात मात्र तुमच्या पात्राचं नाव. दोन्ही रकान्यांत घाईघाईत तेच नाव टाकलं तर तुमचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत छापून येतं.

पात्राच्या बिल्ल्यावर समाजमाध्यमावरचं खातं लिहायचं असेल तर ते आधी परक्याच्या नजरेनं उघडून बघा. चुलतभावानं लग्नाच्या फोटोत टॅग केलंय का? प्रोफाइलला कॉलेजचं नाव आहे का? असेल तर या कामासाठी वेगळं खातं काढा. जन्मवर्ष, वय, कंपनी, वसतिगृह यातलं काहीही बिल्ल्यावर नको. "सोलापूर" लिहिलंत तर चालेल असं मला वाटतं, दहा लाखांच्या शहरात तेवढ्यानं कुणी सापडत नाही. पेठेचं नाव लिहिलंत तर सापडतं.

आणि नाव देवनागरीत लिहायला अजिबात संकोच करू नका. खाली लहान अक्षरांत रोमन लिपीत लिहा म्हणजे इतरांना हाक मारता येईल. परदेशातले फरी देवनागरी नाव पाहून थांबतात, उच्चार विचारतात, आणि तिथून चांगल्या गप्पा सुरू होतात.

बिल्ला बनवून घेताना

चित्र दुसऱ्याचं असेल तर छापायची परवानगी त्याच्याकडून आधी घ्या. कमिशन, म्हणजे चित्राची ऑर्डर, देतानाच "बिल्ल्यासाठी हवंय, छापणार आहे" असं सांगितलं की प्रश्न मिटतो. इंटरनेटवर दिसलेलं कुणाचंही चित्र उचलून त्यावर आपलं नाव घालणं या मंडळींत फार वाईट समजलं जातं, आणि ते चित्र ओळखणारा माणूस हमखास समोर येतो. मागच्या बाजूला चित्रकाराचं नाव लिहा. लोक विचारतातच, आणि त्या चित्रकाराला त्यातून काम मिळतं.

आकार ए-सहा, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर, हा सगळ्यात सोयीचा. ३०० डीपीआयला त्याची फाइल १२४० बाय १७४८ पिक्सेल होते. चित्रकाराला एवढं सांगा. नाव हातभर अंतरावरून नव्हे, चार-पाच पावलांवरून वाचता आलं पाहिजे. नक्षीदार अक्षरं चित्रात छान दिसतात पण गर्दीत कुणाला लागत नाहीत. दोन्ही बाजूंना छापा. बिल्ला गळ्यात एका जागी राहत नाही, फिरतो, आणि एरवी दिवसभर लोकांना पाठीमागचा कोरा कागदच दिसतो.

छपाई लेझर प्रिंटवर घ्या. इंकजेटची शाई घामानं किंवा सांडलेल्या पाण्यानं पसरते. मग लॅमिनेशन. झेरॉक्सच्या दुकानात एरवी मिळतं ते पातळ असतं. १२५ मायक्रॉन मागा, २५० मिळालं तर उत्तम. कागदाच्या चारही बाजूंना तीन-चार मिलिमीटर नुसतं प्लॅस्टिक राहू द्या. दुकानदार सवयीनं कागदाच्या कडेला लागून कापतो, आणि मग दोन दिवसांत कडा सुटून आत हवा आणि ओल शिरते. भोक पाडायचं तेही त्या नुसत्या प्लॅस्टिकच्या भागात, म्हणून वरची कड थोडी जास्त सोडा. कोपरे गोल कापून घ्या. टोकदार कोपरा मिठी मारताना समोरच्याच्या गळ्याला लागतो, आणि लहान मूल असेल तर थेट डोळ्याच्या उंचीवर येतो.

एक गोष्ट दुकानातून बाहेर पडण्याआधी करायचीच. फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर राहते, व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर तुमच्या नंबरासकट राहते. "काका, तेवढी फाइल डिलीट करता का?" असं सरळ म्हणा, समोर करून घ्या, आणि फसलेले प्रिंट मागून घ्या. कुणी वाईट वागतं म्हणून नव्हे. पुढचं गिऱ्हाईक तुमच्या शेजारच्या बिल्डिंगमधलं असतं म्हणून.

आता दोरी. बिल्ल्यामुळे जीवाला धोका होऊ शकतो तो इथं, त्यामुळे घाई नको. आयकार्डची साधी दोरी म्हणजे गळ्याभोवतीचा न सुटणारा फास. सरकत्या जिन्यात तिचं टोक अडकलं, नाचताना कुणाच्या शेपटीत गुंतलं, लिफ्टच्या दारात सापडलं, तर ओढ सरळ मानेवर येते. आपल्या शहरात यंत्रमागावर काम केलेल्या कुणालाही विचारा, फिरत्या यंत्राजवळ गळ्यात काही लोंबतं ठेवत नाहीत. म्हणून झटका बसला की मानेमागे आपोआप सुटणारी दोरी वापरायची. कारखान्यांत आणि दवाखान्यांत त्याच वापरतात, ऑनलाइन सहज मिळतात. कन्व्हेन्शनकडून मिळालेली दोरी तशी आहे का ते मानेमागचा जोड ओढून बघा. नसेल तर त्यांचा बिल्ला आपल्या दोरीला लावा.

घरीही करता येते. आमच्या घरात शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम चालतं, त्यामुळे हे मी पुष्कळांना करून दिलंय. साध्या दोरीला मानेमागच्या मध्यावर कात्री लावायची आणि दोन टोकांना वेल्क्रो शिवायचा. टोकं एकमेकांवर जेमतेम दीड सेंटीमीटर यावीत. वेल्क्रो लांब लावला तर जास्त सुरक्षित होईल असं वाटतं, पण होतं उलटं: सरळ ओढीला लांब वेल्क्रो इतका घट्ट धरतो की सुटतच नाही. टिचबटण वापरू नका. ते वाकडं खेचलं तर उघडतं, सरळ ओढलं तर धरून बसतं, आणि मानेवरची ओढ सरळच असते. शिवून झालं की दोरी खिळ्याला अडकवा आणि खाली तीन किलो कांद्यांची पिशवी लावा. सुटली पाहिजे. नाही सुटली तर वेल्क्रो थोडा कापा आणि परत बघा. पावशेर वजनाला मात्र धरली पाहिजे, नाहीतर बिल्ला चालता चालता पडेल. वेल्क्रोत धागे, केस अडकून पकड बदलते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ही परीक्षा पुन्हा घ्या.

घालताना

दोरीची लांबी अशी ठेवा की बिल्ला छातीच्या मध्यावर येईल. बाजारातल्या दोऱ्या लांब असतात, बिल्ला पोटाखाली लोंबतो, आणि मग नाव वाचायला प्रत्येक जण तुमच्या कमरेखाली बघतो. दोघांनाही अवघड. मानेमागे एक गाठ मारू नका, त्यानं सुटणारा जोड निकामी होतो. पुढच्या बाजूला आखूड करा.

बायका-मुलींना छातीवरचं वाचन नको वाटत असेल तर बिल्ला खांद्याजवळ क्लिपनं लावा किंवा दंडाला पट्टीनं बांधा. ठिकठिकाणचे नियम "दिसला पाहिजे" एवढंच मागतात, गळ्यातच हवा असं बहुधा नाही.

सेफ्टी पिन आणि बिल्ल्यांच्या पिना फरसूटला लावायच्या नाहीत. नकली फरच्या मागची विणलेली बाजू पिनेनं उसवते आणि भोक मोठं होत जातं. त्याऐवजी फर बाजूला सारून आतल्या कापडावर फितीचा एक छोटा आकडा शिवून घ्या आणि बिल्ला त्यात अडकवा. रंग जुळणारी फीत घेतली तर दिसतही नाही. चुंबकाचे बिल्ले सोयीचे असतात, पण स्वतःला पेसमेकर असेल तर अजिबात नकोत, आणि ज्याला मिठी मारणार त्याला असेल हे आपल्याला माहीत नसतं. चुंबक अशा उपकरणापासून निदान १५ सेंटीमीटर लांब राहायला हवा. मिठी त्या अंतरात बसत नाही. म्हणून मी चुंबक सुचवतच नाही.

मिठीआधी, कुणाची असली तरी, आपला बिल्ला हातानं बाजूला किंवा पाठीवर सारा. अनुभवी फरी हे इतक्या सहज करतात की लक्षातही येत नाही. नाचायला गेलात तर दोरी शर्टाच्या आत. अमेरिकेत बिल्ल्याखाली गमतीच्या रिबिनी चिकटवत नेण्याची पद्धत आहे, एकाखाली एक. गोळा जरूर करा, पण माळ कमरेखाली गेली की घडी घालून वर लावा, नाहीतर जिन्यात स्वतःच्याच पायाखाली येते.

फरसूट घालणाऱ्यांसाठी आणखी थोडं. मुखवट्यातून समोरचं जेमतेम दिसतं, ऐकू कमी येतं, बोलता तर येतच नाही किंवा बोलायचं नसतं. अशा वेळी पात्राचा बिल्लाच तुमच्या वतीनं बोलतो. प्रवेशाचा बिल्ला सुटाच्या आत असेल तर तो कुठं आहे हे बरोबरच्या हँडलरला, म्हणजे सुटातल्या माणसाला सांभाळणाऱ्या सोबत्याला, माहीत हवं. आणि बिल्ले ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये, दोन बिल्ल्यांच्या मध्ये, बाहेरून दिसणार नाही असं एक कार्ड ठेवा: रक्तगट, कशाची ॲलर्जी आहे का, मधुमेह-दमा-फिट्स यांपैकी काही आहे का, चालू औषधं, आणि घरातल्या किंवा मित्राच्या एका माणसाचा नंबर, देशाच्या कोडसकट. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहा: "शुद्ध हरपली असेल तर आधी मुखवटा काढा." परदेशात जात असाल तर इंग्रजीत. सुटाच्या आत अंग तापतं, पाणी कमी पडतं, चक्कर येते, आणि मुखवट्याचा "मान" राखायचा म्हणून लोक तो काढायला बिचकतात. त्या क्षणी कार्डावरची एक ओळ उपयोगी पडते. आपल्याकडे रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही संकटासाठी ११२, युरोपात ११२, अमेरिकेत ९११.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. सुटाचा सराव त्या दिवसांत गच्चीवर करू नका. डिसेंबरात, सकाळी, घरात पंख्याखाली, आणि बरोबर कुणीतरी असतानाच.

दुसऱ्याच्या बिल्ल्याशी कसं वागायचं

बिल्ल्यावर जे नाव आहे तेच त्या माणसाचं नाव. "हे झालं, पण खरं नाव काय?" हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडे आडनाव, गाव, काय करता ही चौकशी आपुलकीची असते, पण तिथं समोरच्यानं जेवढं सांगायचं ठरवलंय तेवढं छातीवर लिहून ठेवलंय. त्याला आणखी सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. आणि तुम्हाला कुणाचं खरं नाव ठाऊक असेल, जसं आम्हा सोलापूरकरांना एकमेकांची ठाऊक असतात, तर कन्व्हेन्शनच्या गर्दीत ते मोठ्यानं हाकारू नका. "काय बे" म्हणून हाक मारली तरी आमच्यातलं कुणीही वळून बघतं, तेवढं पुरतं.

बिल्ला हातात घेऊन वाचू नका. तो फिरला असेल तर "नाव दिसत नाहीये, बघू का?" असं विचारा, म्हणजे तो माणूस स्वतः वळवून दाखवतो. त्याच्या छातीशी हात नेण्याचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नसतो, तो सुटातला मऊ लांडगा असला तरी.

काहींच्या बिल्ल्यावर सर्वनामाची, म्हणजे आपल्याला "तो" म्हणा की "ती" हे सांगणारी, चिकटपट्टी असते. मराठीत "आलास", "आलीस" असं क्रियापदातच सगळं येतं, त्यामुळे आपल्याला जास्त सांभाळावं लागतं. खात्री नसेल तर अहोजाहो करा. "तुम्ही कुठून आलात, कधी पोचलात" हे कुणालाही खटकत नाही आणि पहिल्या भेटीला शोभतंही.

रंगाच्या पट्ट्याही दिसतील. ऑटिस्टिक लोकांच्या संमेलनांतून ही पद्धत सगळीकडे पसरली: हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोला, लाल म्हणजे आत्ता कुणीच नको. काही ठिकाणी फोटो नको असणाऱ्यांची वेगळी खूण असते. प्रत्येक ठिकाणचे रंग आणि अर्थ थोडे वेगळे असू शकतात, म्हणून नियमावली आधी वाचा. लाल पट्टीवाल्याला "सॉरी, पण एकच फोटो" म्हणणं हेही त्याच्याशी बोलणंच आहे.

पात्राच्या बिल्ल्यावर प्रौढांसाठीचं चित्र नको. मोकळ्या जागेत मुलं असतात, हॉटेलात इतर पाहुणे असतात. १८ च्या आतल्यांना बहुतेक ठिकाणी पालकांची संमती किंवा सोबत लागते आणि त्यांचा बिल्ला वेगळा ओळखू येतो. वय खोटं सांगून आत जाऊ नका. त्याचा त्रास तुमच्याशी मैत्री करणाऱ्या मोठ्यांनाही होतो. लहान मुलांना बरोबर नेत असाल तर त्यांच्या बिल्ल्यावर पुढे नुसतं पात्राचं नाव, आणि तुमचा फोन नंबर मागे, आतल्या बाजूला. अनोळखी माणसानं मुलाला खऱ्या नावानं हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं.

दाराबाहेर पडताना

बिल्ला काढा. मी नव्यांना एकच सवय लावायला सांगितली असती तर ही. सभागृहाचं दार ओलांडलं की बिल्ला दोरीसकट पिशवीत. पिट्सबर्गसारख्या शहरात लोक बिल्ले आणि शेपट्या लावून जेवायला जातात, तिथल्या हॉटेलांना अँथ्रोकॉनची सवय झालीय. पण तिथंही रस्त्यावरचा माणूस तुमचं नाव वाचून "अरे, तू!" म्हणून हाक मारू शकतो, आणि आपल्याला वाटतं आतच भेट झाली असेल. आमच्यातल्या एका मुलीच्या मागे असाच एक जण रिक्षापर्यंत आला होता. तिला वाटत राहिलं की आपणच विसरलोय, ओळख असणार. त्याला ठाऊक होतं फक्त तिच्या गळ्यातलं नाव. कुणी नावानं हाक मारली आणि चेहरा आठवत नसेल तर "कुठं भेटलो होतो आपण?" असं मोकळेपणानं विचारा. खरा ओळखीचा माणूस रागावत नाही.

हॉटेलच्या खोलीचं की-कार्ड बिल्ल्याच्या पाउचमध्ये ठेवायचं असेल तर त्याचं कागदी पाकीट आधी काढा, त्यावर खोली नंबर लिहिलेला असतो. बिल्ल्याचा फोटो टाकताना बारकोड, क्यूआर आणि क्रमांक झाका. "आत्ता इथं पोचलो" हे खोलीच्या खिडकीतून फोटोसकट सांगण्यापेक्षा घरी परतल्यावर सांगा.

रात्री झोपताना बिल्ला, पासपोर्ट, औषधं आणि फोन एकाच छोट्या पिशवीत उशाशी ठेवा. २०१४ च्या डिसेंबरात शिकागोजवळच्या रोझमाँट इथं मिडवेस्ट फरफेस्टच्या हॉटेलात रात्री कुणीतरी मुद्दाम क्लोरीन वायू सोडला, १९ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि हजारो लोक मध्यरात्री थंडीत बाहेर काढले गेले. असं रोज घडत नाही. पण आगीचा भोंगा खोटा असला तरी तो वाजला की जे हातात असेल तेच घेऊन निघायचं असतं, आणि परक्या देशात त्या क्षणी आपलं ओळखपत्र हातात असावं.

सोलापुरातच चारचौघांनी भेटायचं ठरवलंत तर घर किंवा भाड्यानं घेतलेला लहान हॉल बरा. मालकाला आधी सांगा की पोशाख आणि मुखवटे असणार आहेत. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत मुखवटा आणि बिल्ला घालून फिरायची कल्पना दर वर्षी कुणाला तरी सुचते. मी विरोध करते. ती गर्दी यात्रेसाठी आलेली असते, बंदोबस्तावरच्या पोलिसाला झाकलेला चेहरा दिसला की त्याचं काम वाढतं, आणि सुटातल्या माणसाला त्या रेट्यात श्वास घेणं कठीण होतं. बँक, मॉल, रेल्वे स्टेशन इथंही मुखवटा पिशवीतच ठेवा.

घरी काय सांगायचं हा प्रश्न बिल्ल्यापाशीच येतो, कारण धुवायला टाकलेल्या कपड्यांबरोबर आईच्या हाती तोच लागतो. "काय गं हे, कसलं आयकार्ड?" सांगायची तयारी असेल तर चित्र दाखवूनच सांगा: हे माझं पात्र, अमक्यानं काढलं, असे लोक जमतात आणि चित्रं, पोशाख, नाच असं चालतं. चित्र समोर असलं की बोलणं सोपं जातं. तयारी नसेल तर बिल्ला ठेवायची जागा प्रवासाआधीच ठरवा.

हरवला तर, आणि परत आल्यावर

प्रवेशाचा बिल्ला हरवला की लगेच नोंदणीच्या टेबलावर जा. उशीर करू नका, कारण तो ज्याच्या हाती लागलाय तो तुमच्या नावानं आत फिरू शकतो. ओळखपत्र दाखवावं लागेल, बदली बिल्ल्याचे पैसेही बहुधा लागतील. कुणाचा सापडला तर फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. नेऊन टेबलावर द्या. पात्राचा बिल्ला हरवला तर हरवलं-सापडलंच्या खिडकीवर विचारा. त्याची डिजिटल फाइल घरी ठेवलेली असली की नवा छापून घेता येतो.

परतीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चढण्याआधी पिशवी एकदा बघा, बिल्ला गळ्यात राहिलाय का तेही. घरी आल्यावर पाउच साबणाच्या पाण्यानं पुसून उघडा वाळवा, नाहीतर घामाची ओल आत राहून चित्राला डाग पडतात. जुने प्रवेशाचे बिल्ले बरेच जण जपतात, भिंतीला लावतात. टाकायचा असेल तर बारकोड आणि क्रमांकाचा भाग कात्रीनं कापून तुकडे वेगळे टाका. आणि पाउचमधलं औषधांचं कार्ड काढून बघा: औषध बदललं असेल, नंबर बदलला असेल, तर तेव्हाच नवं लिहून ठेवा.